कसब्यातलं नखांचं दुकान

"तुमच्या बँकेत लॉकर मिळेल का हो?" असं कौशल्याबाईंनी विचारलं, तेव्हा आम्रपालीला आधी कळलंच नाही की त्या आपल्याशी बोलताहेत. ती चहाचे कप गोळा करत होती. मान वर करून पाहिलं, तर धाकट्या बहिणीच्या, दीक्षाच्या, होणाऱ्या सासूबाई तिच्याचकडे बघत होत्या. पिंपरीत त्यांच्या घराजवळच्या बँकेत लॉकर शिल्लक नव्हता आणि लग्नाचे दागिने घरात ठेवायची त्यांची तयारी नव्हती, एवढं साधं कारण होतं.

आम्रपालीला बँक सोडून बरीच वर्षं झाली होती.

"विचारेल की ती शाखेत," तिचे वडील बाबुराव घाईनं म्हणाले. "सध्या ऑडिट चाललंय, म्हणून जरा गडबडीत असते."

ऑडिट. आम्रपालीनं वडिलांकडे पाहिलं. त्यांनी नजर पंख्याकडे वळवली. दीक्षाकडे पाहिलं, तर ती मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेली. आई, हिराबाई, स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि डोळ्यांनीच सांगत होती, आत्ता नको. त्या एका नजरेसाठी आम्रपालीनं ते खोटं खोडलं नाही. विचारून सांगते म्हणाली आणि कप घेऊन आत गेली. सिंकमध्ये ठेवताना एका कपाचा कान तुटून तिच्या हातात आला.

साखरपुड्याला तिनं फक्त तासभर तोंड दाखवलं होतं, कारण लग्नसराई सुरू झाली होती आणि दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. त्या दिवशी कौशल्याबाईंशी तिचं जय भीमच्या पुढे काही बोलणं झालं नव्हतं. ते न होण्यामागे घरच्यांचा हात असेल असं तेव्हा तिच्या मनातही आलं नाही. आता आलं. बाबुरावांनी त्या दिवशी तिला दोनदा, उशीर होईल, तू निघ, असं म्हटलं होतं, आणि तिला वाटलं होतं बाबांना आपल्या धंद्याची काळजी आहे.

दुकान कसबा पेठेत होतं. अमीनभाईंच्या बांगड्यांच्या दुकानावर पहिला मजला, रस्त्याकडे मोठी खिडकी आणि जिन्यापाशी पाटी: आम्रपाली नेल स्टुडिओ. अमीनभाईंची सून रुमाना त्याच खोलीत मेंदी काढायची. खाली बांगड्या भरून झाल्या की नवरी वर यायची, अशी दोघींनी सोय करून घेतली होती. लग्नाच्या नखांत आम्रपालीचं डोकं भारी चालायचं. हिरव्या चुड्याखाली भडक लाल शोभत नाही, तिथे ती जांभळाच्या रंगाकडे झुकणारा मरून लावायची आणि टोकाला सोनेरी रेघ काढायची. मारवाडी नवरीमुलींना लांब टिप्स आणि खडे हवे असत. मुसलमान मुलींना नमाजाआधी हातपाय धुताना, वजू करताना, पॉलिश आड येतं, म्हणून त्यांच्यासाठी संध्याकाळपुरती चिकटवायची आणि काढून ठेवायची नखं ती आधीच मापानं बनवून ठेवायची. पायांचं तर सगळ्यांनाच हवं असायचं, कारण हल्लीचे फोटोवाले जोडव्यांचा फोटो घेतल्याशिवाय हलत नाहीत.

आणि पाय, हेच बाबुरावांचं दुखणं होतं.

पाहुणे गेल्यावर आम्रपालीनं दार लावून घेतलं आणि विचारलं की मी बँकेत कधीपासून परत लागले. बाबुराव वर्तमानपत्र शोधायला लागले. ते त्यांच्या हातातच होतं. मग म्हणाले की विषय निघाला तेव्हा तोंडातून गेलं. तिनं विचारलं, ऑडिटसुद्धा तोंडातून गेलं का. त्यावर ते चिडले.

बाबुरावांचे वडील लोणी काळभोरच्या पलीकडच्या एका लहान गावातले. वाड्यावरून जाताना वहाणा काढून हातात घ्यायच्या, दारापाशी वाकून जोहार घालायचा आणि उकिडवं बसून राहायचं, हे त्यांनी पोरवयात केलेलं होतं. छप्पन साली ते नागपूरला जाऊन आले आणि त्यांनी गावकीची कामं बंद केली. गावानं पाणी तोडलं तेव्हा बायकोला आणि एका ट्रंकेला घेऊन पुण्यात आले, खडकीच्या कारखान्यात लागले. त्यांनी घरात एक नियम केला होता: कुणाच्या पायाशी बसायचं नाही. बाबुराव पाटबंधारे खात्यात कारकून म्हणून लागले आणि अधीक्षक होऊन निवृत्त झाले, पण साहेबाच्या टेबलासमोर खुर्ची दिल्याशिवाय ते कधी बोलले नाहीत. थोरली मुलगी बँकेत लागली तेव्हा त्यांनी विश्रांतवाडीच्या सगळ्या गल्लीत पेढे वाटले होते. ती नोकरी सोडून मुलीनं प्लॅस्टिकचं स्टूल घेतलं आणि बायकांच्या पायांशी जाऊन बसली, हे त्यांच्या गळ्याखाली उतरलंच नाही. दुकानाच्या उद्घाटनाला ते आले नव्हते. त्यानंतरही त्यांनी तो जिना चढला नव्हता.

"खुर्चीत त्या, आणि खाली तू," ते म्हणाले. "माझ्या बापानं गाव सोडलं ते ह्यासाठी?"

"डॉक्टर पाय बघतो तेव्हा कुठे बसतो, बाबा?"

"तू डॉक्टर आहेस का?"

"नाही. आणि बँकेतही नाही."

हिराबाई मध्ये पडल्या. त्या म्हणाल्या, माणसं चांगली आहेत, कौशल्याबाई मुख्याध्यापिका होत्या, घर शिकलेलं आहे, एवढ्या-तेवढ्यावरून बिघडायला नको. आम्रपालीनं विचारलं, एवढं-तेवढं म्हणजे मी का. तेवढ्यात दीक्षानं मोबाइल बाजूला ठेवला. ती खराडीच्या एका कंपनीत होती, सत्तावीस वर्षांची, घरात सगळ्यात लाडकी. लहानपणी तिला शाळेत सोडायला, आणायला आम्रपालीच जायची.

"ताई, लग्न होईपर्यंतच गं," दीक्षा म्हणाली. "नंतर मी स्वतः बुद्धभूषणला सांगणार आहे. इट्स नॉट अ बिग डील. आणि ऐक, माझे हातपाय तू घरीच करशील ना? आदल्या दिवशी दुपारी, कुणी नसताना?"

बाबांवरचा राग हा जुना राग होता. त्याची सवय झाली होती, दुखऱ्या गुडघ्याची होते तशी. पण हे ऐकून आम्रपालीच्या कानशिलातून काहीतरी गरम निघून गेलं. म्हणजे दीक्षाला माहीत होतं. दीक्षानं मान डोलावली होती. वर हिला बहिणीच्या हातची नखं हवीच होती, फक्त बहीण नको होती.

"दुकानात ये," ती म्हणाली. "सगळ्या नवऱ्या येतात तशी. दिवसाढवळ्या."

तिनं पर्स उचलली आणि रविवार असूनही दुकानात निघून गेली.

पुढचे काही दिवस तिनं घरी कामापुरतं तोंड उघडलं. दुकानात मात्र राग हातात उतरायला लागला. फाइल घासताना जोर जास्त पडायचा, टबातलं पाणी नको तेवढं गरम व्हायचं. एका नवरीच्या अंगठ्याची कडेची कातडी कापताना निपर आत गेला आणि रक्ताचा थेंब आला. असं तिच्याकडून कधी झालं नव्हतं. त्या मुलीच्या आईनं चष्म्यावरून बघत विचारलं, "लग्न परवा आहे, बोट तोवर राहील ना जागेवर?" आम्रपालीनं माफी मागितली, औषध लावलं आणि त्या मुलीचे पैसे घेतले नाहीत. ती गेल्यावर रुमानानं मेंदीचा कोन खाली ठेवला आणि सरळ विचारलं की काय चाललंय. आम्रपालीनं सांगितलं. रुमाना ऐकत राहिली. तिचं म्हणणं पडलं की बाप आहे, म्हातारा आहे, लग्न होऊ दे, मग काय ते भांड. आम्रपाली म्हणाली, लग्नानंतर मी बँकेतून कधी निवृत्त व्हायचं तेही तेच ठरवतील.

आणि तिनं फोन उचलून कौशल्याबाईंना लावला. आवाज गोड ठेवला. लग्नाआधी तुमचे हातपाय माझ्याकडून करून घ्या, म्हणाली, माझं कसब्यात दुकान आहे, मेट्रोनं या, उतरल्यावर चालत काही लांब नाही. मग कौशल्याबाई म्हणाल्या, येते.

रुमाना तिच्याकडे बघतच राहिली. ती म्हणाली, हे बरं नाही केलंस. आम्रपाली म्हणाली, मी एक शब्द खोटा बोलले का?

कौशल्याबाई गुरुवारी आल्या. अंगावर इस्त्रीची सुती साडी, हातात कापडी पिशवी. जिना चढून वर आल्या आणि दारातच थांबून त्यांनी खोली नीट पाहून घेतली: रंगांच्या बाटल्यांची फळी, नखं वाळवायच्या दिव्याची छोटी पेटी, उंच खुर्ची, तिच्यासमोरचं बुटकं स्टूल. आम्रपालीनं त्यांना खिडकीपाशी बसवलं, पाणी दिलं. बँक सुटल्यावर हे करता का, त्यांनी विचारलं. आम्रपालीनं सांगितलं की बँक सुटूनच कितीतरी वर्षं झाली, आता हेच करते. हे वाक्य तिनं मनात किती वेळा घोळवलं होतं. बोलून झाल्यावर जसं वाटेल असं वाटलं होतं, तसं वाटलं नाही.

"बाबुरावांना माहीत आहे?"

"माहीत आहे."

"आणि दीक्षाला?"

"तिलाही."

कौशल्याबाईंनी पेला खाली ठेवला. आम्रपालीनं टबात कोमट पाणी ओतलं, मीठ टाकलं आणि टब त्यांच्या पायांपाशी सरकवला. त्या पाण्याकडे बघत बसल्या. पाय उचलले नाहीत.

"मला आत्ता राग आलाय," त्या म्हणाल्या. शाळेत मुलांना समजावून सांगावं तसा आवाज होता. "रागात कुणाच्या हातात पाय देऊ नयेत. मला तुमच्या कामाचं काही नाही. माझ्या घरात कामाला नावं ठेवत नाहीत. पण मला लॉकरचं विचारायला लावलंत आणि सगळे जण बघत बसलात."

आम्रपाली म्हणाली की म्हणूनच तुम्हाला बोलावलं.

"नाही. तुमचं भांडण वडिलांशी आहे. त्यात मला आणून उभं केलंत. पाय करायला या, असं म्हणालात. पायांसाठी बोलावलं नव्हतंत ना?"

ते खरं होतं, आणि खरं होतं म्हणून आम्रपालीला आणखी राग आला. पिशवी घेऊन कौशल्याबाई उठल्या. लग्नाचं काय ते मी मुलाशी बोलून कळवते, एवढं म्हणून जिना उतरल्या. खाली अमीनभाईंनी त्यांना सवयीनं, या ताई, बांगड्या बघा, म्हटलेलं वर ऐकू आलं. आम्रपालीनं टब उचलला आणि पाणी मोरीत असं ओतलं की अर्धं तिच्याच अंगावर उडालं.

घरी पोचली तेव्हा फोन येऊन गेला होता. दीक्षा रडून रडून लाल झाली होती. सासूबाईंनी तिला फक्त एवढंच विचारलं होतं की तुला माहीत होतं का, आणि ती हो म्हणाली होती. बुद्धभूषण फोन उचलत नव्हता. पत्रिका वाटून झाल्या होत्या, हॉल ठरला होता.

"झालं तुझं समाधान?" दीक्षा म्हणाली. "तुझं लग्न नाही झालं, म्हणून माझंही मोडायचं होतं तुला."

हिराबाईंनी तिच्या तोंडावर हात ठेवला, पण बोलायचं ते बोलून झालं होतं. आम्रपाली शांतपणे म्हणाली की तुझ्या लग्नाचं मला काही करायचं नव्हतं, मला फक्त त्या घरात माझ्या नावानं जायचं होतं. मग ती शांत राहिली नाही. बारावीच्या क्लासपासून खराडीच्या पहिल्या बसच्या पासापर्यंत तुला जे जे लागलं ते कुठून आलं ते विचार बाबांना, ती म्हणाली, ते पायांचंच होतं, तेव्हा तुला वास आला नाही. हे बोलायचं नाही असं तिनं कित्येक वर्षं ठरवलेलं होतं. बोलल्यावर तिला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटायला लावल्याबद्दल पुन्हा त्या सगळ्यांचाच संताप आला.

बाबुराव कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते. ते एवढंच म्हणाले, "माझी मान खाली घातलीस."

"मी नाही घातली," आम्रपाली म्हणाली. "तुम्ही मला लपवलंत, बाबा. लोक चोरीचा माल लपवतात तसं."

त्या घरात त्यानंतर कुणी जेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी भर उन्हाचं बाबुराव दुकानात आले. मंडईपर्यंत बसनं येऊन पुढे पत्ता विचारत चालत आले होते. शर्ट पाठीला चिकटला होता. आम्रपाली स्टुलावर बसली होती आणि नारायण पेठेतल्या एका नवरीच्या आईची टाच दगडानं घासत होती. त्या बाईंनी दारातल्या माणसाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आजोबा, हे बायकांचं दुकान आहे. पाटी बाहेर लावलीय, वाचता येत असेल तर."

"माझे वडील आहेत," आम्रपाली म्हणाली. ती उठली नाही. हातातला पाय सोडला नाही. रुमानानं पटकन बाक मोकळा केला, त्यांना पाणी दिलं. त्या बाई जरा ओशाळल्या आणि पाय मागे घ्यायला लागल्या, तेव्हा आम्रपालीनं त्यांना पाय हलवू नका असं सांगितलं. तिनं उरलेलं काम मुद्दाम सावकाश केलं. टाच घासली, नखं कापली, कडा साफ केल्या, मलम चोळलं, एकेका बोटाला रंग लावला. बाबुराव बघत होते. बघू देत, तिच्या मनात होतं. इतकी वर्षं न बघता बोलले, आता डोळे भरून बघू देत.

बाई गेल्यावर रुमाना काहीतरी आणायच्या निमित्तानं खाली गेली. बाबुरावांनी रंगांच्या बाटल्यांवरून नजर फिरवली. मग म्हणाले, "ह्या बायका आडनाव विचारतात का?"

"काही विचारतात."

"मग?"

"मग सांगते. एक बाई ऐकल्यावर पुन्हा आली नाही. बाकीच्या येतात. सदाशिवातल्या एक आजी तर आजही आडनाव मुद्दाम घेऊन हाक मारतात, आपण किती सुधारलोय ते कळावं म्हणून. त्यांचेही पाय करते, आणि जास्त बोलल्या तर गप्प बसा म्हणते." तिचा आवाज चढला होता. "मी कुणापासून काही लपवत नाही, बाबा. आजोबांचं गाव, आपलं घर, काहीच नाही. लपवलंत तुम्ही. आपल्याच माणसांपासून."

बाबुरावांनी मान हलवली, हो अशी नाही आणि नाही अशीही नाही. स्टुलाकडे बघत ते म्हणाले की मला हे आवडत नाही, आणि आवडेल असं वाटत नाही. तू खाली बसलेली मला बघवत नाही. ती म्हणाली, आवडून घ्या असं मी कधी म्हटलेलंच नाही. तेव्हा त्यांनी सांगितलं की ते इथून पिंपरीला निघाले आहेत, कौशल्याबाईंकडे, आणि तिनं बरोबर यावं.

"मी नाही येणार. तुम्ही बोललात, तुम्हीच निस्तरा."

ते उठले. दारापाशी जाऊन थांबले, आणि मग जिन्याचा कठडा धरत उतरले. मागे धावत जावं असं तिला वाटलं. ती गेली नाही. तिनं टब घासायला घेतला.

पिंपरीत काय झालं ते तिला आईकडून कळलं, कारण हिराबाई वाटेत बाबुरावांना जाऊन मिळाल्या होत्या. कौशल्याबाईंनी चहा केला आणि बाबुरावांना बोलू दिलं. त्यांनी बोलायला खूप वेळ घेतला. आधी वडिलांचं, गावाचं, वाड्याचं सांगायला लागले. कौशल्याबाईंनी त्यांना अडवलं. त्या म्हणाल्या की ते माझ्याही घरात झालंय, बाबुराव, ते मला ठाऊक आहे, तुम्ही तुमच्या मुलीचं सांगा. मग बाबुरावांनी सांगितलं. मला लाज वाटत होती म्हणून मी खोटं बोललो, असं, ह्याच शब्दांत. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हिराबाईंनी नवऱ्याच्या तोंडून असं वाक्य ऐकलं नव्हतं.

बुद्धभूषण तिथेच होता. त्याला दीक्षाचा राग आला होता, आणि तो तिच्याशीच बोलेन म्हणाला. लग्न मोडायचं त्याच्या मनात नव्हतं. कौशल्याबाई म्हणाल्या, माझ्या भावाला, जावेला, नणंदेला, सगळ्यांना तुम्ही बँक सांगितलीत. ज्यांना ज्यांना सांगितलीत त्यांना आता तुम्हीच दुकान सांगा, मी सांगणार नाही. बाबुरावांनी त्यांच्या बैठकीच्या खोलीत बसून एकेकाला फोन लावला. आधीच्या फोनांना त्यांचा आवाज अडखळत होता, हिराबाई म्हणाल्या, शेवटच्याला सरळ बोलले. हे सांगताना हिराबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. आम्रपालीच्या आलं नाही. तिला वाटलं, एवढंसं वाक्य, आणि त्यासाठी एवढा उपद्व्याप.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी दीक्षा दुकानात आली. गर्दी होती. आम्रपालीनं तिला रांगेत बसवलं आणि नंबर आल्यावर खिडकीपाशीच्या खुर्चीत बसायला सांगितलं, जिथून खालचा रस्ता दिसतो आणि रस्त्यावरून वरचं माणूस दिसतं. दीक्षा बसली.

साडी पांढरी होती, बारीक सोनेरी काठाची. त्याला काय करायचं ते आम्रपालीनं कधीच ठरवून ठेवलेलं होतं, लॉकरच्या आधी, साखरपुड्याच्याही आधी. तिनं नखं लहान ठेवली, बदामी आकार दिला. फिकट गुलाबी रंगाचा पातळ हात, त्यावर मोत्यासारखी झाक, आणि टोकाला केसाएवढी निळी रेघ. रेघ काढताना तिचा हात जराही हलला नाही. हात झाल्यावर पाय घेतले. दीक्षाच्या डाव्या पायाच्या करंगळीचं नख लहानपणी दारात चिरडलं होतं, ते अजून वाकडंच वाढायचं. आम्रपालीनं ते बाजूनं थोडं थोडं घासून सरळ दिसेल असं केलं.

दीक्षा म्हणाली, तुझ्या लग्नावरची ती गोष्ट मी बोलायला नको होती. आम्रपालीनं मान वर केली नाही. दीक्षानं सांगितलं की बुद्धभूषणनं तिला विचारलं, उद्या माझं काही तुला आवडलं नाही तर तेही असंच झाकणार का. जरा वेळानं तिनं अगदी बारीक आवाजात विचारलं, "राग गेला का, ताई?"

"नाही," आम्रपाली म्हणाली. "दुसरा पाय दे."

दीक्षानं दुसरा पाय दिला.

लग्न आकुर्डीच्या एका हॉलमध्ये झालं. त्रिशरण, पंचशील झालं, दोघांनी एकमेकांना हार घातले, आणि फोटोवाल्यानं दीक्षाचे हात उजेडात धरायला लावून निळ्या रेघेचे फोटो काढले. बुद्धभूषणच्या मावशीनं विचारलं, ही नखं कुणी केली. आम्रपाली मागच्या ओळीत बसली होती. तिनं तोंड उघडायच्या आत पुढच्या खुर्चीतले बाबुराव वळले.

"ही माझी थोरली मुलगी, आम्रपाली. तिचं दुकान आहे, कसब्यात." एवढं बोलून ते थांबले. संपलं असं आम्रपालीला वाटलं. पण त्यांनी घसा साफ केला आणि खालच्या आवाजात पुढे म्हणाले, "पायांचंही करते."

मावशींनी लगेच पत्ता विचारला, आणि मेट्रोचं कुठलं स्टेशन तेही विचारलं. कौशल्याबाई दोन खुर्च्या पलीकडे होत्या. त्यांनी सगळं ऐकलं, आणि मावशींना म्हणाल्या की मी जाणार आहे लग्नाचं सगळं आवरल्यावर, तेव्हा बरोबर चल. आम्रपालीकडे बघून त्या हसल्या नाहीत, पण नजरही वळवली नाही.

जेवणाच्या वेळी बाबुरावांनी आपल्या शेजारची खुर्ची रुमाल ठेवून राखली होती. आम्रपालीनं ते पाहिलं. त्या खुर्चीवर ती बसली नाही. ताट घेऊन त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसली, आणि त्यांनी वाढप्याला थांबवून तिच्या ताटात जिलेबी घालायला सांगितली, तेव्हा तिनं ताट मागे ओढलं नाही.